इन्फोसिसचं उणे चिन्ह: चोर निम्मा सापडला

सापडलं! म्हणजे, निम्मं सापडलं.

मागच्या वेळचं रडगाणं आठवत असेल. इन्फोसिसची बहुतेक कमाई परकी चलनात, पगाराचा बराच खर्च रुपयात. म्हणजे डॉलर महागला की शेअरला बरं. माझं रिग्रेशन (एका आकड्याचा दुसऱ्याशी संबंध मोजणारं गणित) मात्र हट्टाने उणे सहगुणक देत होतं, म्हणजे डॉलर महागला की शेअर पडतो, असं सांगत होतं.

पहिला संशय स्वतःवर. डॉलर ७० रुपयांचा ७५ झाला म्हणजे रुपया घसरला, वाढला नाही. यात मी आधीही आपटलोय. या वेळी ते बरोबर होतं. मग भावांची फाइल उघडली. विकतच्या डेटात सप्टेंबर २०१८ चा १:१ बोनस (एका शेअरवर एक फुकट, म्हणून भाव निम्मा) जमेसच धरलेला नाही, शेअर एका दिवसात निम्मा! यापेक्षा एक्स्चेंजच्या फुकट फाइली उतरवून हाताने दुरुस्त करणं परवडलं. चिन्ह तरीही उणेच.

मग घड्याळ. एफबीआयएल ही संस्था जाहीर करते तो डॉलरचा रेफरन्स रेट (संदर्भ दर) दुपारचा, शेअरचा बंद भाव साडेतीनचा. दुपारनंतर रुपया हलला की माझ्या तक्त्यात तो दुसऱ्या दिवशी उमटणार. म्हणून शुक्रवार ते शुक्रवार असे आठवडी परतावे घेतले. शेअर बाजाराच्या सुट्ट्या वेगळ्या, बँकांच्या वेगळ्या. त्या जुळवण्यात अख्खा रविवार गेला. पुन्हा उणे.

शेवटी वैतागून मार्च २०२० चे आठवडे झाकून पाहिले आणि ट्यूब पेटली. २३ मार्चला निफ्टी (बड्या पन्नास शेअरांचा निर्देशांक) सुमारे १३ टक्के पडला, रुपया ७६ च्या पलीकडे गेला. परदेशी पैसा पळतो तेव्हा शेअर विकतो आणि डॉलर घेतो. रुपयाने इन्फोसिसला पाडलं नव्हतं, दोघं एकाच पुरात वाहिले होते. निफ्टीचा परतावा दुसरा चल (गणितातला आणखी एक घटक) म्हणून घातला आणि सहगुणक अधिक! गार झालेला चहासुद्धा गोड लागला.

पण निफ्टीत इन्फोसिस स्वतःच वजनदार, म्हणजे मी त्याला थोडाफार त्याच्याच सावलीशी मोजतोय. शिवाय २०१३ आठवा: मे ते ऑगस्टमध्ये रुपया ५५ च्या आसपासवरून ६८ पार गेला, बँका झोपल्या, आयटी मात्र चढलं. रुपया का पडतोय, यावर सगळं फिरतंय की काय?

पुढचा नंबर टाटा मोटर्स आणि पौंडाचा ठरला होता. तो थांबू दे. आधी निफ्टीऐवजी आयटी वगळून बाकी शेअरांची टोपली बांधतो. लिहिता लिहिता वाटतंय, २०१३ आणि २०२० चं रिग्रेशनही वेगवेगळंच चालवावं. अशी टोपली कुणी केली असेल तर वजनं कशी दिलीत, सांगा.