सही का नाही केलीत, मॅडम?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तुम्ही एकट्यांनी नाही. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, संघटनेच्या बैठकीत, पेपर तपासायला जमलो की तिथेही हाच प्रश्न. ‘एवढं ताणायची काय गरज होती, मॅडम? एक सही केली असती तर मिटलं असतं.’ विचारणाऱ्याचा सूर बहुधा काळजीचा असतो, म्हणून आजवर ‘बघू, काय होतंय ते’ म्हणत विषय बदलत आले. आता एकदाच लिहून टाकते. पुढे कुणी विचारलं तर हेच पाठवीन.

प्रकरण बहुतेकांना ठाऊक आहे, तेव्हा थोडक्यात. नववीच्या परीक्षेत एका मुलाकडून कॉपी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याचे वडील आले आणि व्हरांड्यात, पोरांसमोर, माझ्या कानाखाली वाजवली. चष्मा फुटला. दुपारपर्यंत त्यांचा अर्ज संस्थेत आणि पोलिसांत पोहोचला होता: बाईंनी मुलाचा हात पिरगाळला, मारलं.

शाळा सुटायच्या आधी मला केबिनमध्ये बोलावलं. मुख्याध्यापकांच्या खुर्चीत संस्थेचे सचिव बसले होते आणि मुख्याध्यापक बाजूच्या स्टुलावर. चहा आधीच सांगितलेला होता. चहा सांगितला की कळायचं, काहीतरी मागणार आहेत. टेबलावर दोन टाइप केलेले कागद. पहिल्यावर ‘रागाच्या भरात माझ्याकडून विद्यार्थ्यास मारहाण झाली, त्याबद्दल मी दिलगीर आहे.’ दुसऱ्यावर वैयक्तिक कारणास्तव राजीनामा, खाली माझं पूर्ण नाव, आणि दिनांकाच्या पुढे कोरी जागा.

मी म्हटलं, ‘सर, तारीख नाही.’

‘ती कशाला? हा नुसता आमच्या फायलीत राहील. पालकांना दाखवायला. वापरणार कोण आहे?’

‘मग झेरॉक्स द्या. घरी वाचते, उद्या सांगते.’

‘एवढ्या वर्षांत एवढाही विश्वास नाही का?’ असं म्हणत त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं. मी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. ते टेबलावरच्या काचेखालचं वेळापत्रक वाचत होते, जे त्यांनी स्वतःच तयार केलं होतं. फुटलेला चष्मा माझ्या पर्समध्ये होता आणि कागदावरची बारीक अक्षरं मला नीट दिसतही नव्हती. सचिवांनीच मोठ्याने वाचून दाखवलं, ‘मारहाण’ हा शब्द जरा भरभर. माझ्या गालाबद्दल त्या खोलीत कुणी एक शब्द काढला नाही. मी उठले. मागून आवाज आला, ‘नंतर आमच्याकडे येऊ नका.’

आता लोक म्हणतात, बाईंना कायदा माहीत होता म्हणून त्या ठाम राहिल्या. खोटं आहे. त्या क्षणी मला कलम-बिलम काही आठवत नव्हतं. राग आला होता, एवढंच. तत्त्व नंतर सुचलं आणि कायदा त्याच्याही नंतर वाचला.

वाचल्यावर मात्र अंगावर काटा आला. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे 2009 च्या कायद्याच्या कलम 17 मध्ये सहा ते चौदा वयाच्या मुलाला शारीरिक शिक्षा करायला बंदी आहे आणि ती करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होते. म्हणजे तो ‘माफीनामा’ माझा लेखी कबुलीजबाब ठरला असता, तोही माझ्याच सहीचा. राजीनाम्याचं तर विचारूच नका. खासगी शाळांच्या सेवाशर्तींचा 1977 चा कायदा, ज्याला आपण सगळे एमईपीएस म्हणतो, त्याच्या कलम 7 प्रमाणे राजीनामा दोन प्रतींत करायचा, दोन्हींवर सही करून तारीख घालायची, एक रजिस्टर पोस्टाने पाठवायची आणि एक स्वतःकडे ठेवायची. बिनतारखेचा एकच कागद सचिवांच्या कपाटात ठेवायची सोय त्यात कुठेही नाही.

तुम्ही विचारता म्हणून हेही सांगते. मनगट मी धरलं होतं. कॉपी मुठीत होती, ती काढून घेताना धरलं. किती जोरात, ते आज मला सांगता येत नाही. पिरगाळलं नाही, मारलं तर मुळीच नाही. चौकशीतही मी हेच लिहून दिलं. वकील म्हणाले होते, मनगटाचा उल्लेखच टाळा. नाही टाळला.

पोलीस ठाण्यात एका सहकारी बाईंना घेऊन गेले. पोलिसांनी ‘यादी’ म्हणजे तपासणीचं पत्र देऊन ग्रामीण रुग्णालयात पाठवलं, डॉक्टरांनी गालावरची सूज लिहिली. ही तपासणी त्याच दिवशी करा, सकाळपर्यंत सूज उतरते आणि तुम्ही खोटारडे ठरता. परत आल्यावर हवालदार म्हणाले, ‘झेडपीच्या असता तर 132 लावलं असतं. तुम्ही पडलात खासगी.’ भारतीय न्याय संहितेचं कलम 132 म्हणजे लोकसेवकाच्या कामात अडथळा आणण्यासाठी हल्ला, जुन्या दंड संहितेतलं 353. अनुदानित शाळेतला शिक्षक लोकसेवक की नाही, यावर वकील तासभर बोलू शकतात. ठाण्यातल्या टेबलावर ते दोन मिनिटांत ठरतं. माझ्या वाट्याला 115(2) आलं, साधी दुखापत: एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अदखलपात्र. एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा, कागद हातात दिला; म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करणार नाहीत.

मग ते आवाज खाली आणून म्हणाले, ‘मॅडम, पदराला हात लागला होता का? तसं सांगा. 74 लावतो, विनयभंग. रात्रीच्या आत उचलतो.’

मी नाही म्हटलं. कारण तसं झालं नव्हतं. माझी बहीण यावर अजून चिडते. ‘त्याने तुझ्यावर खोटं रचलं, तू कशाला हरिश्चंद्राची नात?’ मला उत्तर देता येत नाही. कधी वाटतं, बरं केलं. कधी त्या माणसाला बाजारात पिशवी हलवत जाताना पाहते आणि वाटतं, कोणासाठी बरं केलं?

निलंबन झालंच. तुमच्यापैकी ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी एवढं तरी पाहा की शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वमान्यता घेतली आहे का. पूर्वमान्यतेने केलेलं निलंबनही त्यांच्याच परवानगीशिवाय चार महिन्यांपलीकडे लांबवता येत नाही, आणि तोवर निम्म्या पगाराच्या हिशेबाने निर्वाह भत्ता मिळतो. आरोप लेखी मागा. ते हातात पडल्यापासून खुलाशाला सात दिवस असतात. आणि प्रत्येक कागदाची पोच घ्या. शिपाई ‘साहेब नाहीत’ म्हणाला तर तोच कागद रजिस्टर पोस्टाने.

चौकशी समितीत तिघे: एक संस्थेचा, एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला आणि एक आपण सुचवायचा. हा तिसरा माणूस मिळणं सगळ्यांत अवघड. ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं डबा खाल्ला त्यांनी फोन उचलले नाहीत. रागावू का? त्यांचीही पोरं आहेत, त्यांचीही वेतनश्रेणी अडकलेली. नियमात माणूस कुठल्याही खासगी शाळेतला चालतो हे कळल्यावर शेवटी दुसऱ्या तालुक्यातले एक सर आले. परीक्षेच्या खोलीतल्या दोन मुलींनी ‘बाईंनी मारलं नाही’ असं सांगितलं आणि आरोप सिद्ध झाला नाही. तो झाला असता आणि मला काढलं असतं, तर शाळा न्यायाधिकरणात तीस दिवसांत अपील करायला वाट होती. नोकरी आहे. केबिनमध्ये आता मला चहा मिळत नाही.

पूर्वी मीच स्टाफरूममध्ये म्हणायचे, शाळेचं शाळेत मिटवावं, मास्तराने पोलिसांची पायरी चढू नये. ती बाई माझ्यात अजून आहे आणि तिचं सगळंच चुकतं असंही नाही. प्रकरण पोलिसांत गेल्यापासून पोरं माझ्याशी जपून बोलतात. कॉपी दिसली तर मी हात न लावता पर्यवेक्षकांना बोलावते, तोवर मुलगा ती गिळूनही टाकतो.

तो मुलगा आता दहावीत माझ्याच वर्गात आहे. त्याचे अंतर्गत गुण दुसऱ्या शिक्षकांनी द्यावेत असा अर्ज मी दिला आहे, पोच घेतली आहे, उत्तर आलेलं नाही. त्याच्या वडिलांवर खासगी फिर्याद करायची तर 115(2) ला मुदत एक वर्षाची, आणि ती संपत आली. वकिलांचा आठवड्याला फोन येतो. नवरा म्हणतो सोड, बहीण म्हणते सोडलंस तर बोलू नकोस. वकीलपत्र कपाटात तसंच आहे. त्या मुलाची पूर्वपरीक्षा संपेपर्यंत थांबावं असं मनात येतं, आणि मग वाटतं, माझ्यासाठी कोण थांबलं होतं?