आमच्या हळदीच्या ऑर्डरी टॅलीत कशा गेल्या

सांगलीच्या मार्केट यार्डात सासऱ्यांचं हळदीचं अडत दुकान आहे. हळदपूड आणि बेदाणा ऑनलाइन विकायला मी सुरुवात केली ती विश्रामबागेतल्या घरातून. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून लांबची माणसंही राजापुरी हळद नावानं मागतात. दिवाळीनंतर ऑर्डरी दिवसाला चाळीसच्या वर गेल्या आणि हिशेबाची दमछाक व्हायला लागली.

ऑर्डरी एका सॉफ्टवेअरमध्ये, हिशेब टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि मधे आमचे दिवाणजी. रोज संध्याकाळी यादी छापून घ्यायचे आणि एकेक बिल हातानं चढवायचे. जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, भरायची ११ तारीख जवळ आली की त्यांचा मुक्काम रात्री दहापर्यंत दुकानातच. दोन्ही सॉफ्टवेअर जोडून घेऊ, असं मी म्हटलं तेव्हा ते म्हणाले, “जोडा की वहिनी. पण बिल ६३० चं आणि बँकेत आले ६१५. मधले पंधरा रुपये कुठल्या खात्याला टाकू, ते आधी सांगा.”

या प्रश्नानं माझे दोन आठवडे घेतले, आणि ते घेतले हे बरंच झालं.

हळदपुडीचं ६०० रुपयांचं पाकीट, त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ६३०. ग्राहकानं ऑनलाइन पैसे भरले की ते आमच्यापर्यंत पोचवणारी कंपनी, म्हणजे पेमेंट गेटवे, २ टक्के, म्हणजे १२.६० कापतो, आणि त्या कापलेल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी, २.२७. बँकेत जमा होतात ६१५.१३. इतके दिवस आम्ही बँकेत आलेल्या आकड्यालाच विक्री धरत होतो. म्हणजे विक्री कमी दिसायची, खर्च दिसायचाच नाही, आणि आम्हाला भरायच्या जीएसटीतून २.२७ ची जी वजावट आमच्या हक्काची, ती सोडून दिलेली. एका पाकिटाचं काही वाटत नाही, पण महिन्याच्या हजारभर पाकिटांचा हिशेब मांडला तेव्हा मला रात्री झोप लागली नाही.

मग टॅलीत गेटवेच्या नावानं एक येणे खातं उघडलं आणि प्रत्येक कुरियर कंपनीचं वेगळं. पार्सल गोदामातून निघालं की बिल: विक्रीला ६०० जमा, कराला ३० जमा, गेटवेला ६३० नावे. पैसे आले की बँक, गेटवेचा खर्च आणि त्यावरचा जीएसटी यांना नावे टाकून गेटवे खात्याला ६३० जमा. पाकीट घरी पोचल्यावर रोख पैसे देणाऱ्यांचंही तसंच. फक्त गेटवेच्या जागी कुरियर. दिवाणजींनी हे कागदावर किर्द-खतावणी मांडून तपासलं, तेव्हाच मी मिरजेच्या एका मुलाला जोडणीचं काम दिलं. त्यानं लिहिलेला छोटा प्रोग्राम ऑर्डरींची टॅलीला वाचता येईल अशी एक्सएमएल फाइल करून टॅलीच्या ९००० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे बाहेरची माहिती घ्यायच्या दारावर, पाठवतो. खरं सांगायचं तर ते काम चार दिवसांचंच होतं.

चाचणी टॅलीतल्या कंपनीची वेगळी प्रत काढून, मागच्या महिन्याच्या ऑर्डरींवर घेतली. मालाची नावं जुळत नव्हती, ती एका बैठकीत जुळवली. बिल क्रमांकाचं मात्र अडलं. सॉफ्टवेअरचा ऑर्डर क्रमांक १९ अक्षरांचा, आणि जीएसटीच्या नियमात बिल क्रमांक १६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही. बिलांची स्वतंत्र, आखूड, सलग मालिका केली आणि ऑर्डर क्रमांक संदर्भाच्या रकान्यात ठेवला. त्याचा दुसरा उपयोग लगेच दिसला. नेट गेल्यामुळे एका दुपारी तीच फाइल दोनदा गेली आणि ३७ बिलं दुबार चढली. आता संदर्भात तोच ऑर्डर क्रमांक आधीच असेल तर प्रोग्राम ते बिल पाठवतच नाही.

सगळ्यात घातक चूक पत्त्याची होती. मुलगा बंगळुरूत, पैसे त्यानं भरले, हळद पुण्याला आईकडे. सॉफ्टवेअर बिलाच्या पत्त्यावरून कर ठरवत होतं, म्हणून अशा प्रत्येक ऑर्डरीला आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीचा कर, लागत होता. ग्राहक जीएसटीत नोंदणीकृत नसेल तर माल जिथं पोचतो तो पत्ता धरायचा, हे जून २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे इथं माल राज्यातच, म्हणून केंद्राचा सीजीएसटी १५ आणि राज्याचा एसजीएसटी १५. भेट म्हणून पाठवणारे आमच्याकडे पुष्कळ. जुन्या नोंदी आमच्या सीएंनी बसून दुरुस्त केल्या.

परत येणाऱ्या पार्सलांबाबत मी हट्ट धरला. कुरियरनं ‘परत’ असं दाखवलं म्हणून क्रेडिट नोट, म्हणजे विक्री मागे घेतल्याची नोंद, काढायची नाही; पाकीट गोदामात आलं, सील बघितलं, मगच. नाहीतर टॅलीत साठा वाढतो आणि मांडणीवर पाकीट नसतं.

१ एप्रिलपासून खरी जोडणी चालू केली. मागचं वर्ष, ती कराची दुरुस्ती सोडली तर, जसं होतं तसंच ठेवलं. एप्रिलअखेर दिवाणजींनी गेटवेचं खातं उघडलं, तर शिल्लक १,८९० नावे. त्यांनी ऑर्डरींची यादी मागितली आणि बोट ठेवून मोजलं: ३० तारखेच्या संध्याकाळची तीन पाकिटं, पैसे अजून यायचे. दोन दिवसांनी ते आले. त्यांनी वहीत लाल पेनानं खूण केली आणि सात वाजता घरी गेले.