वजन थांबले तेव्हा: विसाव्या ते बत्तिसाव्या आठवड्याची नोंद

वजन उतरवायला लागल्यापासून एकोणिसाव्या आठवड्याच्या अखेरीस माझे साप्ताहिक सरासरी वजन ८०.९ किलो होते आणि त्यानंतरचे पाच आठवडे ते तिथेच राहिले. आपल्यापैकी अनेकांना हा टप्पा लागलेला आहे किंवा लागणार आहे. म्हणून या काळात मी काय मोजले, कोणता निर्णय घाईत घेतला आणि शेवटी रोजचा उष्मांकांचा (कॅलरींचा) आकडा कशाच्या आधारावर बदलला, ते सविस्तर लिहून ठेवत आहे.

सुरुवातीचे आकडे असे होते. वय ४१, उंची १७२ सेंटिमीटर, वजन ८८.४ किलो. मिफ्लिन–सेंट जिओर समीकरणानुसार (पुरुषांसाठी वजनाची दहापट, अधिक उंचीची ६.२५ पट, उणे वयाची पाचपट, अधिक ५) विश्रांतीच्या अवस्थेतील खर्च १७५९ कॅलरी निघाला. बैठे काम आणि रोजचे चालणे लक्षात घेऊन मी त्याला १.४ ने गुणले, तेव्हा दिवसाचा एकूण खर्च सुमारे २४६० आला. त्यातून ५१० वजा करून मी रोजचे उद्दिष्ट १९५० ठेवले. पहिल्या दहा आठवड्यांत बरोबर ५ किलो वजन उतरले, पुढच्या नऊ आठवड्यांत अडीच किलो उतरले आणि मग ते थांबले.

वेग मंदावणार हे अपेक्षितच होते, कारण शरीर लहान झाले की त्याचा खर्चही कमी होतो. ८०.९ किलोसाठी तेच समीकरण पुन्हा मांडले तर एकूण खर्च सुमारे २३६० येतो, म्हणजे जुन्या आकड्यापेक्षा १०० ने कमी. तरीही १९५० खाल्ल्यास दिवसाला ४०० च्या आसपास तूट उरायला हवी होती. एक किलो शारीरिक चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी असे धरले, तर या तुटीत आठवड्याला ३५० ग्रॅमपेक्षा थोडे जास्त वजन उतरले पाहिजे. माझ्या पाच आठवड्यांच्या सरासरी मात्र ८०.९, ८०.७, ८१.०, ८०.८ आणि ८०.९ अशा होत्या. पाच आठवड्यांत पावणेदोन किलोंहून जास्त चरबी गेली असती, तर पाण्याच्या चढउतारात ती इतकी पूर्ण झाकली गेली नसती. त्यामुळे वजन खरोखरच थांबले आहे, हे मी मान्य केले.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. एका आठवड्याच्या, किंबहुना दोन आठवड्यांच्याही, आकड्यावरून वजन थांबले असे म्हणू नये. शरीरात साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (म्हणजे कर्बोदकांच्या साठ्यासोबत) सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. खारट जेवण, अपुरी झोप, नवा व्यायाम यांपैकी कशानेही काट्यावर एक किलो सहज वाढतो. मासिक पाळी असणाऱ्यांनी तर या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या चक्रातील त्याच दिवसांशी करावी. मी रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्यापूर्वी वजन करतो आणि फक्त सात दिवसांची सरासरी विचारात घेतो. चार आठवडे ती हलली नाही, तरच पुढचा विचार करायचा, हा माझा नियम आहे.

हा नियम माहीत असूनही एकविसाव्या आठवड्यात माझा धीर सुटला आणि मी आकडा थेट १५०० वर आणला. चार दिवस तो पाळला. झोप उडाली, दुपारी कामात लक्ष लागेना आणि पाचव्या दिवशी संध्याकाळपासून रात्रीपर्यंत मी खात राहिलो. त्या दिवसाची नोंद प्रामाणिकपणे केली तेव्हा ती ३७०० भरली. पाच दिवसांची सरासरी काढली तर १९४०. चार दिवस उपाशी राहून जे वाचवले होते, ते एका रात्रीत जसेच्या तसे परत गेले होते. त्या दिवसांबद्दल मला अजूनही वाईट वाटते, पण त्यातूनच एक प्रश्न मनात पक्का झाला: मी ज्या १९५० मधून वजाबाकी करू पाहत होतो, ते १९५० मुळात खरे होते का?

म्हणून तेविसाव्या आणि चोविसाव्या आठवड्यात मी आहारात काहीही बदल केला नाही, केवळ मोजले. पहिले दोन महिने मी प्रत्येक पदार्थ काट्यावर ठेवत होतो, पुढे हात बसला असे वाटून अंदाजाने लिहू लागलो होतो. आता पुन्हा सगळे काट्यावर आणले. तेलासाठी एक सोपी पद्धत सापडली. चमचा मोजायचा नाही, बाटलीच मोजायची. स्वयंपाक सुरू करण्यापूर्वी बाटली काट्यावर ठेवायची, आकडा लिहायचा आणि संध्याकाळी सर्व आटोपल्यावर पुन्हा ठेवायची. पहिल्या दिवशी सकाळी ९१८ आणि रात्री ८९५ असा आकडा आला. माझ्या एकट्याच्या जेवणात २३ ग्रॅम तेल गेले होते आणि वहीत मी नेहमीप्रमाणे ‘दोन चमचे, १० ग्रॅम’ असे लिहिले होते. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी या हिशेबाने १३ ग्रॅमचा फरक म्हणजे ११७ कॅलरी झाल्या. पुढच्या तेरा दिवसांतही आकडा फारसा वेगळा आला नाही. सुकामेव्याची ‘३० ग्रॅमची मूठ’ प्रत्यक्षात ४२ ग्रॅमची निघाली, म्हणजे आणखी ७० कॅलरी. चौदा दिवसांची खरी सरासरी २१४० होती.

असे माझ्याच बाबतीत घडते असे नाही. १९९२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कमी खाऊनही वजन उतरत नाही असे सांगणाऱ्या व्यक्तींचे प्रत्यक्ष मोजमाप केले होते. त्यांच्या शरीराचा खर्च अपेक्षेइतकाच निघाला, मात्र त्यांनी आपला आहार सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त नोंदवली होती. ही माणसे खोटे बोलत होती असे मला मुळीच वाटत नाही. डोळ्यांचा अंदाज हळूहळू सैल होत जातो आणि तो सैल झाल्याचे डोळ्यांना कळत नाही.

हालचालीच्या बाबतीतही तेच झाले होते. फोनमधील नोंदीनुसार पहिल्या दहा आठवड्यांत मी दिवसाला सरासरी ९२०० पावले चालत होतो आणि थांबलेल्या पाच आठवड्यांत ६७००. कमी खाण्याच्या काळात माणूस नकळत कमी हलतो, बसल्या जागेवरून उठण्याचे टाळतो, हे ज्ञात आहे. माझ्या वजनाला २५०० पावलांचा फरक म्हणजे अंदाजे ८० ते १०० कॅलरी.

आता माझ्या दृष्टीने या सर्व नोंदीतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. वजन पाच आठवडे स्थिर होते आणि त्या काळातील आहाराचा खरा आकडा २१४० होता. याचा अर्थ, ८०.९ किलो वजनाला, दिवसाला ६७०० पावले चालणाऱ्या माझ्या शरीराचा एकूण खर्च २१४० आहे. हा आकडा कोणत्याही समीकरणातून आलेला नाही, तो माझ्याच शरीरावर मोजलेला आहे. समीकरण २३६० सांगत होते. मधल्या २२० पैकी ८०-१०० चालण्याचे. उरलेल्यात शरीराने वजन घटल्यावर केलेली काटकसर किती आणि समीकरणाची स्वतःची चूक किती, हे घरबसल्या वेगळे करता येत नाही. अशा समीकरणात १० टक्क्यांचा फरक पडणे अगदी सामान्य आहे. काटकसर होते हे मात्र निश्चित. १९९५ मध्ये लायबेल, रोझेनबाम आणि हिर्श यांनी दाखवले की दहा टक्के वजन घटवलेल्या शरीराचा खर्च, घटलेल्या वजनावरून जितका अपेक्षित असतो त्यापेक्षाही कमी होतो. पण ‘चयापचय बंद पडते’ असे जे बोलले जाते ते खरे नाही. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ पुरुषांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांचा खर्च बराच घसरला, तरीही त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटलेच.

म्हणजे थांबलेले वजन हे अपयशाइतकेच एक मोजमापही आहे, आणि अन्नाचा काटा खरा असेल तर ते मोजमाप फुकट मिळते. मी आकडा आधी १५०० वर आणला आणि नंतर मोजले, क्रम उलटा असायला हवा होता.

पंचविसावा आणि सव्विसावा आठवडा मी विश्रांतीसाठी ठेवला. पावले पुन्हा ९००० वर आणली आणि त्यानुसार आहार २२३० केला, म्हणजे तूट शून्य. सलग चोवीस आठवडे कमी खाल्ल्यानंतर मला त्याची गरज होती. अशा विरामाबद्दल २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील ‘मॅटाडोर’ चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात दोन आठवडे तूट आणि दोन आठवडे संतुलन असे आलटून पालटून करणाऱ्या पुरुषांचे वजन सलग तूट ठेवणाऱ्यांपेक्षा जास्त उतरले होते. नंतर वजने उचलणाऱ्या व्यक्तींवर झालेल्या चाचणीत चरबीच्या बाबतीत असा फायदा दिसला नाही. त्यामुळे विरामाने चरबी वेगाने जाते असा दावा मी करणार नाही. मला मिळालेला लाभ साधा होता: झोप सुधारली आणि दुपारची चिडचिड गेली. पहिल्या चार दिवसांत वजन ८१.५ झाले, ते पाणी आहे हे माहीत असल्याने मी विचलित झालो नाही. दुसऱ्या आठवड्याची सरासरी ८१.३ राहिली.

सत्ताविसाव्या आठवड्यापासून नवे उद्दिष्ट १९००. खर्च २२३० धरला तर ही तूट ३३०, म्हणजे साधारण १५ टक्के. याहून खाली न जाण्याची दोन कारणे होती. प्रथिने १३० ग्रॅम ठेवायची, तर ५२० कॅलरी तिथेच जातात आणि उरलेल्यात भाज्या, फळे, धान्य, तेल सगळे बसवावे लागते. दुसरे म्हणजे १५०० चा अनुभव ताजा होता. (सर्वसाधारणपणे पुरुषांनी १५०० आणि स्त्रियांनी १२०० च्या खाली डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय जाऊ नये. मधुमेहाची औषधे चालू असतील, गर्भारपण असेल किंवा खाण्याशी संबंधित विकाराचा इतिहास असेल, तर कोणताही आकडा स्वतः ठरवू नये.)

कागदावर पाहिले तर १९५० चे १९०० झाले, केवळ ५० कमी. ताटात मात्र २४० कमी झाल्या. तेल २३ ग्रॅमवरून १२ वर, सुकामेवा ४२ वरून खऱ्या ३० वर आणि रात्रीच्या शिजवलेल्या धान्यातून ५० ग्रॅम कमी. धान्य कच्चे मोजले की शिजवलेले, हे वहीत प्रत्येक वेळी लिहा. शिजताना त्यात पाणी शिरते आणि वजन दुप्पट-तिप्पट होते, त्यामुळे चुकीच्या रकान्यातला आकडा धरला तर सगळा हिशेब ढासळतो.

सहा आठवड्यांच्या सरासरी अशा आहेत: ८०.८, ८०.६, ८०.४, ८०.५, ८०.०, ७९.६. तिसाव्या आठवड्यात आकडा वर गेला, तेव्हा आहार आणखी कमी करण्याचा विचार मनात आला होता. त्याच आठवड्यात मी पायांचा नवा व्यायाम सुरू केला होता आणि मांड्या तीन दिवस दुखत होत्या. दुखऱ्या स्नायूंत पाणी साठते. मी आकड्याला हात लावला नाही आणि पुढच्या दोन आठवड्यांत ९०० ग्रॅम उतरले. बेंबीच्या पातळीवर मोजलेला कंबरेचा घेर चोविसाव्या आठवड्यात ९४.५ सेंटिमीटर होता, आता ९२.५ आहे. आठ आठवड्यांपूर्वीशी तुलना केली तर वजनात जेमतेम १.३ किलोचा फरक आहे, पण पट्टा एक भोक आत गेला आहे.

पहिल्या आठवड्यातील घट मी हिशेबात धरत नाही, कारण तिच्यात विरामाचे पाणी होते. उरलेल्या पाच आठवड्यांत १.२ किलो, म्हणजे दिवसाला सुमारे २६० ची तूट. माझा अंदाज ३३० होता. त्यामुळे खर्चाचा आकडा मी २२३० वरून २१६० असा दुरुस्त केला आहे. आहार मात्र १९०० च ठेवणार आहे, कारण आठवड्याला पाव किलोची गती मला पुरेशी आहे आणि भूक सोसण्याजोगी आहे. सरासरी ७८ किलोवर आली की, किंवा त्याआधी ती सलग चार आठवडे हलली नाही तर, पुन्हा दोन आठवडे केवळ मोजणार. त्या वेळी वजाबाकी करावी लागली तर ती एका वेळी १०० ची करेन, पण त्याआधी पावलांची नोंद उघडेन आणि तेलाची बाटली काट्यावर ठेवेन.