आधी कामाची यादी, मग लॅपटॉप

'कोणता लॅपटॉप घेऊ? विंडोज, मॅक की लिनक्स?' कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की हा प्रश्न येतोच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टची नेहमीची अपडेट मिळणं थांबल्यापासून त्याच्या मागोमाग दुसराही येतो: 'जुना अजून चालतोय, पण विंडोज ११ घेत नाही म्हणतो. आता काय करू?' तुम्ही विचारलंत म्हणून दोन्हींचं उत्तर इथे एकत्र देतो.

बहुतेकांचा शोध मॉडेलपासून आणि ऑफरपासून सुरू होतो. तिथेच गणित चुकतं. एक कागद घ्या आणि रोज लागणाऱ्या सॉफ्टवेअरची नावं लिहा. 'अकाउंटिंग' एवढं पुरत नाही, 'टॅलीप्राइम' लिहा. 'ड्रॉइंग' नको, ऑटोकॅड की सॉलिडवर्क्स ते लिहा. त्याशेजारी यूएसबीला जोडायच्या वस्तू लिहा: प्रिंटर, बारकोड स्कॅनर, अंगठा घेणारं यंत्र, डिजिटल सहीचं (पेनड्राइव्हसारखं) टोकन. ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, म्हणजे विंडोज, मॅक की लिनक्स, हे हा कागद ठरवतो, आणि मशीन त्यानंतर.

टॅली, सॉलिडवर्क्स, रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स यांपैकी एक जरी नाव कागदावर असलं तरी विंडोज घ्या. ही सॉफ्टवेअरं विंडोजसाठीच बनतात. ऑटोकॅड मॅकवरही मिळतं, पण विंडोजवरच्या सगळ्या सोयी त्यात नाहीत आणि कॉलेजचा अभ्यासक्रम विंडोजचा धरलेला असतो. म्हणून मेकॅनिकल, सिव्हिल आणि आर्किटेक्चरच्या मुलांनी मॅकचा मोह टाळावा. सीए करणाऱ्यांचंही तेच. आयफोनसाठी अ‍ॅप बनवायचं असेल तर मात्र मॅक लागतोच, कारण ती बनवायचं अ‍ॅपलचं सॉफ्टवेअर, एक्सकोड, दुसरीकडे चालत नाही. कॉम्प्युटर शाखेच्या विद्यार्थ्याला तिन्ही सिस्टीम चालतात. विंडोज घेतलं तरी त्याच्या आत लिनक्स चालवण्याची डब्ल्यूएसएल ही सोय टाकून लिनक्स शिकता येतं.

ई-टेंडर भरणाऱ्यांनी आणि जीएसटीवर डिजिटल सही करणाऱ्यांनी टोकनबद्दल आधी विचारून घ्यावं. सहीसाठी दोन गोष्टी लागतात: टोकनचा ड्रायव्हर (त्या वस्तूशी बोलायला मशीनला लागणारा प्रोग्रॅम) आणि वेबसाइटला टोकनशी जोडणारा छोटा प्रोग्रॅम. एक लिनक्सवर मिळाला आणि दुसरा नाही मिळाला, तर सही होत नाही. टेंडरच्या शेवटच्या दिवशी हा शोध लागू नये, म्हणून अशा कामाला विंडोजचं मशीन ठेवणंच शहाणपणाचं.

आता मराठीचं. इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण दुकानदाराला हे ठाऊक नसतं. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या फाइलमध्ये मुळात मराठी अक्षरं नसतात. तिथे दुसऱ्याच अक्षरांचे कोड साठवलेले असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. फॉन्ट नसेल तर पडद्यावर अगम्य चिन्हं दिसतात. छापखान्यात अशा फाइलींचा वीस वर्षांचा साठा आणि पेजमेकर असेल, तर विंडोज सोडून जाऊ नका. पण तुमचं काम युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड देणाऱ्या पद्धतीत असेल, तर मराठीसाठी कोणतीही सिस्टीम अडवत नाही. इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या प्रमाण कीबोर्डची मांडणी तिन्हींकडे जवळपास सारखीच आहे. एकदा बोटांत बसली की मशीन बदललं तरी पुन्हा शिकावं लागत नाही.

कोणत्याही मशीनवर मराठी नीट आहे का हे बघायचं असेल तर 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द टाइप करून पाहा. पहिल्यात रफार हवा, दुसऱ्यात आडवा अर्धा र. इनस्क्रिप्टवर 'ऱ्य'साठी शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश. दोन्ही शब्द सारखे दिसले, तर कीबोर्ड किंवा फॉन्ट यांपैकी एक चुकीचा निवडलेला आहे. विंडोजमध्ये भाषा जोडताना 'हिंदी' न निवडता 'मराठी' निवडा.

कागदावर फक्त ब्राउझर, ईमेल, पत्रं, बँक, व्हिडिओ कॉल एवढंच असेल, तर तुम्ही मोकळे आहात. मग किंमत आणि टिकाऊपणा बघून ठरवा.

मॅकबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या एम१ या अ‍ॅपलच्या स्वतःच्या प्रोसेसरपासून पुढचाच घ्या. इंटेल प्रोसेसरचा जुना मॅक स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. मॅकओएस २६ टाहो ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती आहे. मॅकबुकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणून १६ जीबी घेताना हात आखडू नका. 'लागलं तर विंडोज टाकू' हा बेत एम मालिकेवर जुन्या पद्धतीने जमत नाही, तिथे मॅकवर विंडोज बसवून देणारं बूटकॅम्पच नाही.

स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या विंडोज लॅपटॉपची बॅटरी खूप चालते. पण साधे प्रोग्रॅम त्यावर भाषांतर होऊन चालतात, ड्रायव्हर चालत नाहीत. जुना प्रिंटर, सहीचं टोकन, बारकोड यंत्र यांचे एआरएमसाठीचे (या वेगळ्या रचनेच्या प्रोसेसरसाठीचे) ड्रायव्हर आलेले नसतील तर ती वस्तू निरुपयोगी. लिखाण आणि ब्राउझरपुरतं काम असेल तरच घ्या.

आता मशीन. सगळ्यांत जास्त फसगत प्रोसेसरच्या नावात होते. एएमडीच्या ७००० मालिकेत चार आकडी नंबरातला तिसरा आकडा बघा, प्रोसेसरचा खरा गाभा किती नवा ते तो सांगतो. रायझन ५ ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २ चा जुना गाभा. ७५३०यू मध्ये झेन ३, ७६४०यू मध्ये झेन ४. तिन्हींवर 'रायझन ५' लिहिलेलं असतं, बाहेरून फरक दिसत नाही. इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघा: यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे ताकदीचा आणि जास्त तापणारा. दुकानात 'आय५ आहे' एवढ्यावर समाधान मानू नका, पूर्ण नंबर लिहून घ्या. सेलेरॉन, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी (संथ प्रकारची) साठवण असा संच कितीही स्वस्त असला तरी नको. विंडोजच त्यातली बरीचशी जागा खातं, पुढच्या मोठ्या अपडेटला जागा उरत नाही आणि अपडेट अडकतं.

रॅम साध्या कामाला ८ जीबी चालते, नवीन घेताना १६ घ्या. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ग्राफिक्सही याच रॅममधला वाटा घेतं, त्यामुळे ८ जीबी दिसायला ८ असली तरी हातात कमी येते. रॅम बदलता येते का, हे आवर्जून विचारा. एलपीडीडीआर असं लिहिलेलं असेल तर ती जवळपास नेहमीच बोर्डावर डाखलेली असते, वाढवता येत नाही. स्लॉट असतील तर ८-८ च्या दोन पट्ट्या एका १६ च्या पट्टीपेक्षा बऱ्या: दोन वाटांनी माहिती वाहते आणि बोर्डावरच्या ग्राफिक्सला त्याचा चांगला फायदा होतो.

साठवण एनव्हीएमई एसएसडी (फिरत्या भागांशिवायची वेगवान डिस्क), ५१२ जीबी. पडदा फुल एचडी आणि उजेड किमान ३०० निट्स. २५० निट्सचा पडदा खिडकीशेजारी बसलं की फिका पडतो. छपाईचं किंवा फोटोचं काम असेल तर '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेला, म्हणजे कमी रंग दाखवणारा पडदा घेऊ नका. लाल रंग त्यावर विटकरी दिसतो, मग पत्रिकेचा रंग छापून आल्यावर ग्राहकाशी वाद होतो. अशा कामाला शंभर टक्के एसआरजीबीचा (रंगांचं हे प्रमाण पूर्ण दाखवणारा) पडदा लागतो.

'डॉस' किंवा 'फ्रीडॉस' असं लिहिलेला लॅपटॉप म्हणजे विंडोजशिवायचा. दुकानदार 'टाकून देतो' म्हणाला तर परवाना कुठे आहे ते विचारा. लिनक्सच टाकणार असाल तर हाच सौदा उत्तम. ऑफिसबद्दलही विचारा की कायमचं आहे की महिनाभराचं. विंडोज 'एस मोड'मध्ये असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरच्या बाहेरचे प्रोग्रॅम बसत नाहीत. त्यातून फुकट बाहेर पडता येतं, परत आत जाता येत नाही.

घरातल्या किंवा दुकानातल्या एकाच जागी बसून काम असेल तर डेस्कटॉपचा विचार जरूर करा. त्याच पैशांत जास्त ताकद मिळते आणि बिघडलेला भाग तेवढाच बदलता येतो. फक्त यूपीएसचा खर्च धरा. वीज सारखी जाते अशा गावात ६०० व्हीएचा यूपीएस साध्या पीसीला फाइल सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता वेळ देतो, तासभर काम करण्यापुरता नाही. तसं काम करायचं असेल तर लॅपटॉपच हवा.

नवीन न घेता कंपन्यांतून निघालेला वापरलेला लॅपटॉप घेणं हा खूप चांगला मार्ग आहे. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही मजबूत बांधणीची मशीनं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची घ्या, म्हणजे आय५-८३५०यू सारखा नंबर. त्याखालच्या बहुतेकांना विंडोज ११ ची मान्यता नाही. पैसे देण्याआधी बायोस (विंडोजच्या आधी उघडणारा मशीनच्या मूळ सेटिंगचा पडदा) उघडून बघा, पासवर्ड मागितला तर परत ठेवा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजला आज्ञा टाइप करून देण्याची खिडकी) powercfg /batteryreport असं टाइप करा. तयार होणाऱ्या अहवालात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा.

राहिला घरातला जुना. 'विंडोज ११ घेत नाही' याची मुख्य कारणं दोन आणि त्यांचे उपाय वेगळे. मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक हा तपासणीचा प्रोग्रॅम चालवा. टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) सापडत नाही असं आलं तर ते बऱ्याचदा बायोसमध्ये नुसतं बंद असतं. इंटेलमध्ये पीटीटी, एएमडीमध्ये एफटीपीएम या नावाने शोधा, चालू करा, काम झालं. प्रोसेसरच यादीत नाही असं आलं तर मात्र विषय संपला. आडवाटेने ११ बसवता येतं, पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँकेचे व्यवहार ज्यावर होतात त्या मशीनवर ते करू नये. विंडोज १० ला नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळतात. तेवढी मुदत विचार करायला आहे.

अशा मशीनवर लिनक्स मिंट टाका, हे आमचं स्पष्ट मत. दिसायला विंडोजसारखं, फुकट, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. किमान २ जीबी रॅम लागते, आरामात चालायला ४. रॅम एवढीच असेल तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, जास्त असेल तर सिनॅमन. जुन्या मशीनमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी बसवा. हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, साटा एसएसडी साडेपाचशेपर्यंत, आणि विखुरलेल्या लहान फाइलींत फरक याहून कितीतरी मोठा. मशीन 'म्हातारं झालं' असं वाटण्याचं खरं कारण अनेकदा ही डिस्कच असते.

मिंटची फाइल डाउनलोड करून रुफस या विंडोजवरच्या प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर घ्या. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जाईल. मशीन चालू करताना डेल आणि लेनोव्होमध्ये सहसा एफ१२, एचपीमध्ये एफ९ दाबा आणि पेनड्राइव्ह निवडा. आता मिंट डिस्कला हात न लावता चालू होतं. लगेच 'इन्स्टॉल' दाबू नका. वायफाय जोडा, गाणं लावा, माइक आणि कॅमेरा बघा, झाकण मिटून पुन्हा उघडा, एक पान छापा. वायफाय दिसलंच नाही तर ब्रॉडकॉमची चिप असण्याची शक्यता मोठी: फोन यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट द्या आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा. एचपीचे बरेच प्रिंटर सहज चालतात. कॅननचा एलबीपी २९००, जो आपल्याकडे निम्म्या झेरॉक्सवाल्यांकडे दिसतो, तो लिनक्सवर त्रास देतो. तो असेल तर हे आधीच धरून चाला.

सगळं चाललं तर फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढा, ती दुसऱ्या मशीनवर उघडून खात्री करा आणि मगच इन्स्टॉल करा. 'इरेझ डिस्क' हा पर्याय खरोखरच सगळं पुसतो. विंडोजही ठेवायचं असेल तर आधी त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोजचा भाग अर्धवट झोपलेला राहतो आणि लिनक्समधून त्यावर लिहिता येत नाही. लिब्रेऑफिसमध्ये वर्डची पत्रं नीट उघडतात. मॅक्रो असलेल्या एक्सेल फाइलींची खात्री देता येत नाही.

आणि नवीन विंडोज ११ घेतलंत तर पहिल्याच संध्याकाळी एक काम करा. आता डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद होऊन येते. बायोसमध्ये काही बदललं किंवा बोर्ड दुरुस्त केला की मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतं, आणि ती नसेल तर आतलं काहीही दुकानदाराला काढता येत नाही. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने मशीन सुरू केलं त्यात ती साठवलेली असते, पण खातं बऱ्याचदा दुकानातल्या मुलाने घाईत उघडून दिलेलं असतं आणि पासवर्ड कोणालाच आठवत नाही. स्वतःच्या खात्यातून ती की उघडा, कागदावर छापा आणि लॅपटॉपच्या बिलासोबत ठेवा.