जुन्या सिव्हिकचं एटीएफ बदलताना

अमेरिकेत नवा आलेला मराठी माणूस पहिली गाडी घेतो ती बहुतेकदा सेकंडहँड होंडा नाहीतर टोयोटा, आणि तीही ऑटोमॅटिक. क्लच-गिअरची सवय असलेल्याला वाटतं, गिअरबॉक्समध्ये ऑइल असलं की झालं. पण ऑटोमॅटिकमधलं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, नुसतं वंगण नसतं. आतले क्लच त्याच्याच दाबावर धरतात-सोडतात आणि इंजिनचा जोर गिअरबॉक्सकडे पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टरही त्याच्यावरच फिरतो. ते थकलं किंवा कमी झालं की 'डी'मध्ये टाकल्यावर गाडी क्षणभर रेंगाळते आणि मग धक्का देऊन निघते.

2006 ते 2011 ची पाच गिअरची ऑटोमॅटिक होंडा सिव्हिक घ्या. हिला होंडाचं डीडब्ल्यू-1 हे एटीएफ लागतं. जुन्या मॅन्युअलमध्ये झेड-1 लिहिलेलं असेल, तर त्याच्या जागी आता हेच. ड्रेन केल्यावर साधारण 2.4 लिटर, म्हणजे अडीच क्वार्ट निघतं; बाकीचं, अर्ध्याहून जास्त, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि आतल्या वाटांत अडकून राहतं. एका खेपेला जेमतेम 40 टक्के बदललं जातं. मध्ये गाडी चालवून, सगळे गिअर पडू देऊन तीनदा केलं, तर तीन चतुर्थांशाच्या थोडं पुढे. मशीनने फ्लश करून (सगळं ऑइल एकदम ढकलून) घेण्यापेक्षा हेच बरं.

इंजिन कोमट असताना गाडी पक्क्या स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. ड्रेन बोल्टला चौकोनी खाच असते, त्यात 3/8 इंची रॅचेट सॉकेटशिवाय थेट बसतं. बोल्टच्या टोकाला चुंबक असतो. त्यावर काजळासारखा करडा लेप दिसला तर घाबरायचं कारण नाही, पुसून टाका. बोटाला टोचणारे धातूचे तुकडे निघाले, तर ऑइल बदलून काही होणार नाही. ऑइलला करपट वास येत असेल, तर आतले क्लच जळतायत.

वॉशर नवा घाला, 18 मिमीचा. बोल्ट टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) 49 न्यूटन-मीटरला थांबवा. जोर लावून आवळला तर ॲल्युमिनियमच्या केसमधले आटे जातात आणि काही रुपड्यांच्या वॉशरपायी मोठा खर्च बसतो.

निघालेलं ऑइल दुधाच्या रिकाम्या गॅलन कॅनमध्ये मोजा. तेवढंच नवं, बारीक लांब फनेलने डिपस्टिकच्या (ऑइलची लेव्हल बघायच्या पट्टीच्या) भोकातून घाला. मग गाडी सपाट जमिनीवर आणून रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होईपर्यंत इंजिन चालवा, बंद करा, आणि 60 ते 90 सेकंदांच्या दरम्यान डिपस्टिक बघा. इतर अनेक गाड्यांत लेव्हल इंजिन चालू ठेवून बघतात, इथे नाही. कमी पडलं तर पंप हवा ओढतो. जास्त झालं तर फेस होतो, आणि दोन्हींत क्लच घसरतात.

नव्या टोयोटांत बऱ्याचदा डिपस्टिकच नसते. ऑइलचं तापमान मोजून, ठराविक अंशांवर खालच्या ओव्हरफ्लो बोल्टमधून लेव्हल बघावी लागते. ती खटपट अंगणात करण्यासारखी नाही. सीव्हीटी (ठराविक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) असेल तर एटीएफ अजिबात नको, तिचं फ्लुइड वेगळं. आणि भारतातल्या एएमटी (यंत्राने क्लच-गिअर बदलणाऱ्या) गाड्यांत मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, त्यामुळे तिथे गिअर ऑइलच.

जुनं ऑइल गटारात नाही. त्याच गॅलन कॅनमधून ऑटो पार्ट्सच्या दुकानात न्या. बरीच दुकानं फुकट घेतात, फक्त त्यात कूलंट मिसळलेलं नको. आणि अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाडी उचलण्याआधी लीजचा (भाडेकराराचा) कागद वाचा, बऱ्याच ठिकाणी मनाई असते.