सहाव्या जागेचा हिशेब

महाराष्ट्रात राज्यसभेची निवडणूक सहसा मतदानापर्यंत पोहोचतच नाही. पक्ष आपापले संख्याबळ मोजतात, जागा असतील तितकेच अर्ज भरतात, एखादा जादा अर्ज आलाच तर माघारीच्या दिवशी समजूत घालून तो मागे घेतला जातो आणि वृत्तपत्राच्या आतल्या पानावर ‘बिनविरोध’ अशी छोटी बातमी येते. १९९८ मध्ये काँग्रेसचे अधिकृत उमेदवार राम प्रधान पराभूत झाले होते. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ राज्यात या निवडणुकीसाठी मतपेटी उघडण्याची वेळ आली नाही. ती आली १० जून २०२२ रोजी, तेव्हा सहा जागांसाठी सात उमेदवार रिंगणात उरले होते. त्या निवडणुकीबद्दल इतके बोलले आणि लिहिले गेले, की तिचा साधा हिशेब मात्र मागेच राहिला. मला त्या हिशेबाबद्दल लिहायचे आहे.

भारतीय जनता पक्षाने पीयूष गोयल, अनिल बोंडे आणि धनंजय महाडिक यांना उभे केले होते. शिवसेनेचे संजय राऊत आणि संजय पवार, राष्ट्रवादीचे प्रफुल्ल पटेल आणि काँग्रेसचे इम्रान प्रतापगढी असे महाविकास आघाडीचे चौघे होते. यांपैकी पाच जणांची निवड जवळपास निश्चितच मानली जात होती. खरी लढत महाडिक आणि पवार यांच्यात, म्हणजे कोल्हापूरच्या दोन माणसांत होती. महाडिक हे राष्ट्रवादीकडून एकदा लोकसभेत गेलेले आणि २०१९ मध्ये शिवसेनेच्या संजय मंडलिकांकडून हरलेले, तर पवार हे शिवसेनेचे कोल्हापूरचे जिल्हाप्रमुख, रस्त्यावर आंदोलने करून वर आलेले. त्याआधी हीच जागा संभाजीराजे छत्रपती अपक्ष म्हणून मागत होते. शिवसेनेने पक्षात प्रवेश करण्याची अट घातली, ती त्यांना मान्य नव्हती, आणि मेच्या अखेरीस त्यांनी माघार जाहीर केली. ३ जूनला, अर्ज मागे घेण्याच्या अखेरच्या दिवशी, आघाडीचे मंत्री आणि नेते देवेंद्र फडणवीसांना भेटले. विधान परिषदेची एक जागा जास्त घ्या, पण तिसरा उमेदवार मागे घ्या, असा प्रस्ताव त्यांनी ठेवला. उलट बाजूनेही तसाच प्रस्ताव आला. तडजोड झाली नाही आणि आमदार हॉटेलांकडे रवाना झाले.

निकाल लागल्यावर जो आकडा सर्वांच्या तोंडी झाला तो असा, की पहिल्या पसंतीची ३३ मते मिळालेले संजय पवार हरले आणि २७ मते मिळालेले महाडिक जिंकले. अजूनही गप्पांमध्ये हे उदाहरण या मतपद्धतीचा अन्याय म्हणून दिले जाते, आणि ते ऐकले की माझा जीव खालीवर होतो, कारण त्यात अन्याय तर नाहीच, उलट ही पद्धत इतक्या काटेकोरपणे क्वचितच कुठे चालताना दिसते.

या निवडणुकीत मत आमदार देतात आणि उमेदवारांना १, २, ३ असा पसंतीक्रम लावतात. विधानसभेत २८८ आमदार. त्यांपैकी अंधेरी पूर्वचे रमेश लटके यांचे मेमध्ये निधन झाल्याने एक जागा रिक्त होती. अनिल देशमुख आणि नवाब मलिक तुरुंगात होते आणि न्यायालयाने त्यांना मतदानाची मुभा दिली नाही. म्हणून २८५ जणांनी मतदान केले. त्यातले शिवसेनेचे सुहास कांदे यांचे मत बाद ठरले. उरली २८४ वैध मते. प्रत्येक मताचे मूल्य १०० धरतात, म्हणून एकूण २८,४०० झाले. त्याला जागांपेक्षा एक जास्त म्हणजे सातने भागायचे, बाकी सोडून द्यायची आणि एक मिळवायचा, म्हणजे कोटा येतो ४,०५८. ज्याला इतके मूल्य मिळाले तो निवडून आला. गोयल आणि बोंडे यांना प्रत्येकी ४८, प्रतापगढी यांना ४४, पटेल यांना ४३ आणि राऊत यांना ४१ मते पडली. म्हणजे हे पाचही पहिल्याच फेरीत पार झाले, राऊत तर काठावरून.

आता गोयल आणि बोंडे यांच्याकडे कोट्याहून प्रत्येकी ७४२ इतके मूल्य जास्त होते. ते वाया जात नाही, त्या मतपत्रिकांवर दुसरी पसंती ज्याची असेल त्याच्याकडे जाते. ४८ पत्रिकांत ७४२ वाटले की प्रत्येकी १५ आणि काही अपूर्णांक येतो. अपूर्णांक सोडून द्यायचा असतो, म्हणून सगळ्या पत्रिकांवर दुसरी पसंती महाडिकांची धरली तर एका उमेदवाराकडून ७२० सरकतात आणि दोघांकडून १,४४०. महाडिकांच्या २,७०० मध्ये ते मिळवले की ४,१४० होतात. कोटा ओलांडला, सहावी जागा भरली, मोजणी संपली. सर्वांत मोठे आधिक्य आधी वाटायचे असा नियम असल्याने आघाडीच्या उमेदवारांची जादा मते पवारांकडे वळवण्याची पाळीच आली नाही. ती आधी वळवली असती तरी फरक पडला नसता. प्रतापगढींचे ३४२, पटेलांचे २४२ आणि राऊतांचे ४२ असे सगळे आधिक्य अपूर्णांकासकट पवारांच्या पदरात टाकले तरी त्यांची बेरीज ३,९२६ च्या पुढे जात नाही.

म्हणून ३३ आणि २७ यांची तुलना निरर्थक आहे. तुलना करायची तर दोन्ही बाजूंच्या एकूण बेरजेची करावी लागते. भाजपच्या तिघांची पहिल्या पसंतीची मते होतात १२३, आघाडीच्या चौघांची १६१. तीन कोट्यांना १२१.७४ मते लागत होती, चार कोट्यांना १६२.३२. एकीकडे एका मताहून थोडे जास्त शिल्लक, दुसरीकडे एका मताहून थोडी जास्त तूट. निकालाचे सगळे सार एवढेच आहे. त्या दिवसांत दुसरीही एक तक्रार जोरात होती, की मित्रपक्षांनी स्वतःच्या उमेदवारांसाठी गरजेपेक्षा जास्त मते राखून ठेवली आणि पवारांना उघड्यावर सोडले. राजकीय अविश्वासाचा पुरावा म्हणून ही तक्रार समजण्यासारखी आहे, पण गणितात ती फारशी टिकत नाही. प्रतापगढींना ४४ मते पडली म्हणून पवारांची तीन मते बुडाली असे होत नाही. दुसरी पसंती पवारांना दिली असेल तर ती तीन मते, अपूर्णांकाची किरकोळ गळती सोडली तर, त्यांच्याकडेच परत आली असती.

मग १६१ च का झाली? इथे मला या निवडणुकीतली सर्वांत रंजक गोष्ट दिसते. २०१९ च्या विधानसभेत चार मोठ्या पक्षांबाहेरचे २९ आमदार होते, त्यांत १३ अपक्ष. भाजपकडे पंढरपूरच्या पोटनिवडणुकीनंतर स्वतःचे १०६ आमदार होते. शिवसेनेचे ५५, काँग्रेसचे ४४ आणि तुरुंगातले दोघे वजा जाता राष्ट्रवादीचे ५१, म्हणजे आघाडीच्या तीन पक्षांचे १५०, आणि कांदे वजा केले तर १४९. मोठ्या पक्षांतले कोणी फुटले नाही असे धरले, तर १२३ मधून १०६ गेले की १७ उरतात, १६१ मधून १४९ गेले की १२ उरतात, आणि सतरा नि बारा बरोबर २९. अर्थात आकडे असे चपखल बसले म्हणून कोणी कोणाला मत दिले ते सिद्ध होत नाही, हे सांगायला हवे. मात्र सरकार ज्या बाजूचे, त्या बाजूला लहान पक्ष आणि अपक्ष यांतले निम्मेही राहिले नाहीत, हे उघड आहे. सतराऐवजी पंधरा तिकडे आणि बाराऐवजी चौदा इकडे असते, तर संजय पवार राज्यसभेत गेले असते. दोन आमदार. एकाच्या जाण्याने निकाल बदलला नसता, हे मी कागदावर अपूर्णांक सोडून देत पुन्हा मांडून पाहिले आहे.

याचे मूळ २००३ च्या कायदादुरुस्तीत आहे. घोडेबाजार थांबावा म्हणून राज्यसभेचे मतदान त्या वर्षी खुले करण्यात आले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप नय्यर खटल्यात ती दुरुस्ती वैध ठरवली. पक्षाच्या आमदाराने आपली मतपत्रिका पेटीत टाकण्यापूर्वी आपल्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवली पाहिजे. त्याने पक्षाविरुद्ध मत दिले तर पक्षांतरबंदी कायद्याने त्याची आमदारकी जात नाही, पण पक्षाला कळते, आणि तिकीट वाटणारा पक्षच असल्याने बहुतेकांना तेवढी भीती पुरते. अपक्षाला मात्र पक्ष नसतो, म्हणून प्रतिनिधीही नसतो. त्याने मतपत्रिका कोणालाच दाखवायची नसते. खुल्या मतदानाने पक्षांचे आमदार बांधले गेले आणि ज्यांची मते गुप्त राहिली त्यांच्याच दारात सगळी गर्दी लोटली. घोडेबाजार बंद झाला नाही, बाजारात उभे राहणारे तेवढे कमी झाले आणि त्यांचा भाव चढला. निकालानंतर काही अपक्षांची नावे जाहीरपणे घेतली गेली, त्यांनी ती नाकारली. ती नावे मी इथे देणार नाही, कारण ज्या नियमाने त्यांचे मत गुप्त ठेवले त्याच नियमाने त्यांना स्वतःचे निर्दोषत्व सिद्ध करण्याची सोयही ठेवलेली नाही.

मतदानाचा दिवस नियमांच्या तपशिलांनीच गाजला. मतदानासाठी निवडणूक आयोगाने दिलेला जांभळ्या शाईचा पेनच वापरावा लागतो. २०१६ मध्ये हरियाणात चुकीच्या पेनामुळे मतांचा गठ्ठाच्या गठ्ठा बाद झाला होता, त्यानंतर आयोगाने पेनाबाबत सक्ती केली. त्या पेनाने उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे, पत्रिका प्रतिनिधीपुढे धरायची, दुमडायची, पेटीत टाकायची. दाखवायची, पण हातात द्यायची नाही. आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला, दुसऱ्या कोणाला नाही. भाजपची तक्रार अशी, की जितेंद्र आव्हाड आणि यशोमती ठाकूर यांनी पत्रिका प्रतिनिधीच्या हातात दिली आणि कांदे यांनी ती दोन वेगवेगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींना दिसू दिली. आघाडीने उलट सुधीर मुनगंटीवार आणि रवी राणा यांच्या मतांवर आक्षेप घेतला. मोजणी संध्याकाळी सुरू व्हायची ती अडकून पडली, प्रकरण दिल्लीला आयोगाकडे गेले, आणि मध्यरात्र उलटल्यावर आयोगाने फक्त कांदे यांचे मत बाद करून बाकीची ग्राह्य धरली. पहाटे निकाल आला. २०१७ मध्ये गुजरातमध्ये अहमद पटेल यांच्या निवडणुकीत काँग्रेसच्या दोन बंडखोरांची मते याच कारणासाठी बाद झाली होती आणि त्याचा फायदा पटेलांना मिळाला होता. इतक्या ताज्या उदाहरणानंतरही एखाद्या पक्षाने आपल्या आमदारांची तालीम नीट घेऊ नये, हे मला अजूनही कळत नाही. दुसरीकडे भाजपच्या मुक्ता टिळक आणि लक्ष्मण जगताप हे दोघे गंभीर आजारी असताना रुग्णवाहिकेतून मुंबईला आणले गेले आणि मत देऊन परत गेले. पुढच्या काही महिन्यांत दोघांचेही निधन झाले. त्यांच्या निष्ठेचे कौतुक झाले, ते व्हायलाच हवे होते, पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला टपालाने मत देण्याची सोय या निवडणुकीत का नसावी, हा प्रश्न कोणी विचारल्याचे आठवत नाही.

कांदे यांचे मत वैध ठरले असते तर पवार जिंकले असते, असेही पुष्कळदा म्हटले जाते. तसे झाले नसते. २८५ मतांवर कोटा ४,०७२ होतो, चार कोट्यांना १६,२८८ लागतात आणि आघाडीकडे १६,२०० असते. देशमुख आणि मलिक यांनाही मतदान करता आले असते, तर मात्र गंमत झाली असती. २८७ मतांवर कोटा ४,१०१ होतो. भाजपची बेरीज १२,३००, म्हणजे तीन कोट्यांना तीनने कमी. आघाडीची १६,४००, म्हणजे चार कोट्यांना चारने कमी. दोघांपैकी कोणाचाही शेवटचा उमेदवार कोटा गाठू शकला नसता आणि खासदारकी मताच्या शतांशावर, कोणाच्या किती पत्रिकांत किती अपूर्णांक गळाला यावर ठरली असती. त्याच दिवशी हरियाणात काँग्रेसचे अजय माकन जवळपास अशाच फरकाने पडले.

मुंबईत त्या पहाटेनंतरचा काळ सर्वांना ठाऊक आहे. २० जूनला विधान परिषदेची निवडणूक झाली, तिचे मतदान गुप्त असल्याने जे बंधन दहा दिवसांपूर्वी पक्षांच्या आमदारांवर होते तेही उरले नाही. भाजपचे पाचही उमेदवार आले, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे सुरतच्या वाटेला लागले. २९ जूनला उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यसभेच्या सहा जागा पुन्हा भरायच्या होत्या, तेव्हा मात्र रिंगणात सहाच उमेदवार उरले, सर्व बिनविरोध झाले आणि त्यांत हंडोरेही होते.

२०२२ मध्ये भरलेल्या त्या सहा जागांची मुदत जुलै २०२८ मध्ये संपेल. तेव्हा मतदार असतील २०२४ मध्ये निवडून आलेले आमदार. त्या निकालात भाजपचे १३२, शिंदे यांच्या शिवसेनेचे ५७ आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे ४१ आले, तर ठाकरे यांची शिवसेना, काँग्रेस आणि शरद पवारांची राष्ट्रवादी यांची बेरीज ४६ वर थांबली. सर्व २८८ जणांनी मत दिले तर कोटा ४,११५ होतो, म्हणजे ४२ मते. फाटाफूट झाली नाही तर आघाडीला एक जागा मिळते, आणि ती कोणत्या पक्षाने घ्यायची यावरून तिघांत आधी वाद होईल.