हिरड्यांची सूज आणि सीबीसी

माझ्या रक्ताच्या कर्करोगाची पहिली लक्षणे तोंडात दिसली. दात घासताना येणारे रक्त पुढे न घासताही झिरपू लागले, सकाळी उशीच्या अभ्र्यावर तपकिरी डाग दिसत, आणि दोन दातांमधल्या हिरड्या फुगून निम्म्या दातांवर चढल्या होत्या.

भांडुपच्या दंतवैद्य बाईंनी दात साफ करण्यास नकार दिला. दातांवर कीटण फारसे नसताना हिरड्या एवढ्या सुजाव्यात, हे त्यांना पटेना. शिवाय पूर्वी दाढ काढलेल्या जागी हिरडी सपाटच होती, टाळूवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते आणि ओठांची आतली बाजू पांढुरकी पडली होती. "ताई, आधी सीबीसी करून या, मगच मी हात लावीन," असे त्या म्हणाल्या. सीबीसी म्हणजे रक्तातील पेशी मोजण्याची तपासणी. तीत प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणारे कण, १८,००० निघाले. ते साधारणपणे दीड लाखाच्या वर असावे लागतात. त्या दिवशी सफाई झाली असती, तर रक्त थांबवणे अवघड गेले असते. हिरड्यांतून रक्त येणाऱ्या बहुतेकांना कर्करोग नसतो, हे खरे. परंतु कीटणाच्या मानाने सूज जास्त असेल किंवा सफाईनंतरही ती उतरत नसेल, तर ही साधी तपासणी करून घ्यावी, असे मी कळकळीने सांगते.

स्मिअरमध्ये, म्हणजे काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या रक्तात, ब्लास्ट, म्हणजे अपक्व पांढऱ्या पेशी, दिसल्यामुळे मला परळच्या टाटा रुग्णालयात पाठवण्यात आले. कमरेच्या मागच्या हाडातून मज्जा काढताना जागा बधिर केलेली असते, त्यामुळे सुईचे फारसे काही वाटले नाही. मज्जा ओढली जाताना मात्र मांडीपर्यंत कळ गेली. निदान अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या वेगाने वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाच्या मोनोसायटिक प्रकाराचे झाले. या प्रकारातील पेशी रक्तातून बाहेर पडून हिरड्यांत साचतात, म्हणून सूज येते, असे डॉक्टरांनी समजावले.

सायटाराबीन सात दिवस आणि त्यांतील पहिले तीन दिवस डाउनोरुबिसिन, असा केमोथेरपीचा पहिला टप्पा होता. त्यानंतर तोंड इतके आले की गार पेजही गिळवेना. अगदी मऊ ब्रश, मीठ-सोड्याच्या गुळण्या आणि तिखट पूर्ण बंद, हा क्रम परिचारिकांनी माझ्याकडून न चुकता पाळून घेतला. हिरड्या मात्र दातांवर कोणताही उपचार न करता, केवळ केमोथेरपीने ओसरल्या. सफाई प्लेटलेट पुरेसे वाढल्यावर, रक्तविकारतज्ज्ञांच्या लेखी परवानगीनेच झाली.